फ्रीजमधला गंधहीन वायू

उन्हाळा सुरू झाला की शहरांतील फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांना उसंत मिळत नाही. कुणाच्या फ्रीजमध्ये बर्फ जमत नाही, कुणाचा एसी नुसताच वारा देतो. मेकॅनिक येतो, फ्रीज भिंतीपासून ओढून फिरवतो, कॉम्प्रेसरमधून बाहेर आलेली तांब्याची बारीक नळी पकडीत धरतो आणि कापतो. क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि यंत्रात उरलेला वायू खोलीत मिसळून जातो. पाठोपाठ बत्ती पेटते, नळीला डाख दिला जातो आणि नवा वायू भरला जातो. गेली अनेक दशके घराघरांत हाच क्रम चालत आला आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. कारण बाहेर पडणारा तो वायू पेटत नव्हता.

आता वायू बदलला आहे; हाताची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली आहे. आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे तांत्रिक भाषेत आर-६००ए, हा वायू असतो. काही एसींमध्ये प्रोपेन, अर्थात आर-२९०, वापरला जातो. हे दोन्ही वायू स्वयंपाकाच्या गॅसचे सख्खे भाऊबंद आहेत. नव्या एसींमध्ये सर्रास आढळणारा आर-३२ हा वायूही सौम्य प्रमाणात का होईना, पण ज्वलनशील आहे. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी किंवा यंत्र मोडीत काढण्यापूर्वी आतला वायू सुरक्षितपणे बाहेर कसा काढावा, हा प्रश्न आता केवळ कारखान्यांचा राहिलेला नाही. तो प्रत्येक इमारतीतील, प्रत्येक स्वयंपाकघरातील प्रश्न झाला आहे.

पेटणारा वायू आला कोठून?

शीतकरणाच्या इतिहासात ही एक प्रकारची घरवापसीच म्हणावी लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी किंवा ज्वलनशील वायू वापरले जात. त्यांच्या गळतीने माणसे दगावत. त्यावर तोडगा म्हणून १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू शोधले. ते ना विषारी होते, ना ज्वलनशील. ‘फ्रीऑन’ या नावाने ते जगभर पसरले आणि फ्रीज घरात ठेवण्याजोगी वस्तू झाली.

पुढे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनी हेच वायू वातावरणातील ओझोनचा थर विरळ करू शकतात, असा इशारा दिला. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि जुने वायू टप्प्याटप्प्याने हद्दपार होऊ लागले. त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी होता. पण पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत चौदाशे पटींच्या घरात होती. फ्रीजमधील अवघा १२० ग्रॅम आर-१३४ए हवेत सोडला, तर त्याचा परिणाम सुमारे १७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतका होतो.

याच सुमारास जर्मनीत एक वेगळा प्रयोग झाला. डॉर्टमंड येथील संशोधकांनी प्रोपेन आणि ब्युटेन यांच्या मिश्रणावर फ्रीज चालवून दाखविला होता. ‘ग्रीनपीस’ या संघटनेने तो विचार उचलून धरला आणि पूर्व जर्मनीतील डबघाईला आलेल्या एका कारखान्याने १९९३ मध्ये असे फ्रीज बाजारात आणले. बड्या उत्पादकांनी आधी त्याला धोकादायक ठरविले. पण लवकरच त्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. भारतात मुंबईच्या गोदरेज समूहाने फ्रीजमध्ये हायड्रोकार्बन वायू वापरण्यास प्रारंभ केला आणि २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारा घरगुती एसीही बाजारात आणला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तापमानवाढीस हातभार लावणारे वायू कमी करणे आता देशावर बंधनकारक आहे. म्हणजेच पेटणारे वायू काही काळाचे पाहुणे नाहीत. ते मुक्कामाला आले आहेत.

पन्नास-साठ ग्रॅमची ताकद

घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन साधारण ३० ते ८० ग्रॅम एवढाच असतो. द्रवरूपात मोजला तर ६० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक कपभर. स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर वागविणाऱ्या गृहिणीला एवढ्याशा वायूची भीती ती कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरते.

साठ ग्रॅम आयसोब्युटेन वायुरूपात आला की सुमारे २५ लिटर जागा व्यापतो. हवेत या वायूचे प्रमाण १.८ टक्क्यांच्या वर गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे हे २५ लिटर जवळपास १४०० लिटर हवेला पेटण्याजोगे करू शकतात. खिडक्या उघड्या असलेल्या मोठ्या खोलीत ते विरून जातील आणि काहीच घडणार नाही. तोच वायू अडीचशे लिटरच्या बंद फ्रीजच्या आत साठला, तर त्याचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आतला दिवा किंवा थर्मोस्टॅट यांची ठिणगी योग्य क्षणी पडली, तर दार भिंतीवर आदळेल एवढा स्फोट होण्यास हे मिश्रण पुरेसे आहे. यासाठीच अशा फ्रीजमधील विद्युतभाग ठिणगी बाहेर न पडेल अशा रीतीने बंदिस्त केलेले असतात. दुरुस्ती करताना त्यांच्या जागी हाताला लागेल तो भाग बसविणे म्हणजे ही सारी काळजी पाण्यात घालणे होय.

प्रोपेनवरील एसीत वायू अधिक असतो. तो ३०० ग्रॅम धरला तर वायुरूपात सुमारे १६५ लिटर होतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत तो सर्वत्र सारखा पसरला, तर त्याचे प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही आणि प्रोपेन पेटण्यास २.१ टक्के लागतात. परंतु प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि आयसोब्युटेन दुप्पट जड असतो. वारा नसलेल्या बंद खोलीत तो वर चढत नाही, जमिनीलगत साचतो. सारा प्रोपेन जमिनीलगतच राहिला, तर त्याच खोलीत दोन-सव्वादोन फूट उंचीचा, पेटण्याजोगा अदृश्य थर तयार होऊ शकतो. विजेचे खालचे प्लग, फ्रीजचा रिले, देवघरातील खालच्या चौरंगावरचा दिवा ही सारी मंडळी नेमकी याच उंचीवर असतात. ठिणगीही मोठी लागत नाही. नायलॉनच्या कपड्यांतून उडणारी बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते.

सर्वांत मोठी अडचण मात्र निराळीच आहे. स्वयंपाकाच्या गॅसला गळती होताच उग्र वास येतो, कारण त्यात मुद्दाम गंधद्रव्य मिसळलेले असते. शीतयंत्रातील वायू अत्यंत शुद्ध ठेवावा लागतो; म्हणून त्यात सहसा असे काहीही मिसळलेले नसते. नाकावर विसंबून राहणाऱ्याला येथे कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही.

तामाहेरेचा धडा

ही पूर्वसूचना नसणे किती महाग पडते, हे न्यूझीलंडमध्ये ५ एप्रिल २००८ रोजी दिसले. हॅमिल्टन शहराजवळील तामाहेरे येथील एका शीतगृहात धोक्याची घंटा वाजली आणि अग्निशमन दलाचे आठ जवान तेथे पोहोचले. शीतगृहाच्या यंत्रणेत प्रामुख्याने प्रोपेन असलेला सुमारे ४०० किलो वायू होता आणि तो गळत होता. त्याला गंध नव्हता. आत ज्वलनशील वायू आहे, हे सांगणारे फलक नव्हते. जवान तपासणी करीत असतानाच स्फोट झाला. एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि उरलेले सातही जण जखमी झाले.

घरगुती फ्रीज आणि ४०० किलोची यंत्रणा यांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. पण दुर्घटनेचे मूळ दोन्हीकडे सारखे असू शकते. ते जवान आगीशी झुंजण्यात तरबेज होते. त्यांच्याकडे धैर्याची उणीव नव्हती. समोर काय आहे, ही माहिती तेवढी नव्हती. फ्रीजची नळी कापणारा मेकॅनिक किंवा कॉम्प्रेसरवर छिन्नी चालविणारा भंगारवाला यांची स्थिती याहून वेगळी नसते.

आधी ओळख, मग हत्यार

म्हणूनच वायू काढण्याची पहिली पायरी हत्याराची नसून ओळखीची आहे. फ्रीजच्या मागे किंवा आतल्या बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर वायूचे नाव आणि वजन छापलेले असते. ज्वलनशील वायू असल्यास कॉम्प्रेसरवर ज्वाळेचे चित्र असलेला पिवळा त्रिकोणही असतो. मात्र पट्टीवर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नाही. आधीच्या कुणा कारागिराने स्वस्त मिळाला म्हणून भलताच वायू भरलेला असू शकतो. आर-२२ साठी बनविलेल्या जुन्या एसीत प्रोपेन भरण्याचा मोह काहींना होतो. पण त्या यंत्राचे विद्युतभाग पेटणाऱ्या वायूसाठी बनविलेलेच नसतात. सांगायचे तात्पर्य, शंका असेल तेथे वायू ज्वलनशील आहे असे धरूनच काम करावे.

दुसरी पायरी जागेची. काम शक्यतो मोकळ्यावर करावे. ते शक्य नसेल तर दारे-खिडक्या उघडाव्यात आणि हवा जमिनीलगत खेळती राहील अशी व्यवस्था करावी. सभोवतालच्या तीन मीटरच्या परिघात शेगडी, देवाचा दिवा, उदबत्ती, सिगारेट यांपैकी काहीही नसावे. यंत्राचा वीजपुरवठा आधीच, लांबून बंद करावा; काम सुरू झाल्यावर जवळचे कोणतेही बटण दाबू नये. हायड्रोकार्बन ओळखणारे शोधक उपकरण जमिनीजवळ ठेवावे, कारण वायू तेथेच येणार असतो. कोरड्या भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी असावे. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी चालते. ज्योतीवर चालणारी जुनी शोधबत्ती येथे वापरणे म्हणजे आत्मघात.

तिसरी पायरी प्रत्यक्ष वायू काढण्याची. त्यासाठी नळी कापायची नसते. नळीला छिद्र पाडून त्याच वेळी ते घट्ट धरणारी झडप बसवितात आणि तिला जोडलेल्या लवचीक नळीतून वायू पुनर्प्राप्ती यंत्राकडे नेतात. हे यंत्र वायू ओढून, दाबून सिलिंडरमध्ये भरते. मात्र ते ज्वलनशील वायूसाठी बनविलेले असले पाहिजे. आर-२२ साठी वापरात असलेल्या साध्या यंत्रातील बटणे, रिले आणि मोटार यांतून ठिणग्या उडू शकतात. त्यात प्रोपेन घालणे म्हणजे वायू काढणारे यंत्रच काडेपेटी होणे.

येथे हवेपासूनही सावध राहावे लागते. आयसोब्युटेनवर चालणाऱ्या फ्रीजच्या थंड भागात दाब वातावरणाहून कमी असू शकतो. त्या भागात छिद्र असेल तर वायू बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. हवा आणि वायू यांचे मिश्रण यंत्रात दाबले जाणे धोक्याचे असते. म्हणून यंत्रातील, जोडनळ्यांतील आणि रिकाम्या सिलिंडरमधील हवा आधीच निर्वात पंपाने काढून टाकावी लागते. वेगवेगळे वायू एकाच सिलिंडरमध्ये एकत्र करणेही निषिद्ध होय; अशी खिचडी पुन्हा वापरताही येत नाही आणि सहजी नष्टही करता येत नाही.

सिलिंडर किती भरावा?

या कामातील सर्वांत फसवी चूक वजनाची आहे. द्रवरूप प्रोपेन हा आर-२२ च्या मानाने निम्म्याहूनही हलका असतो. ज्या सिलिंडरमध्ये १० किलो आर-२२ सुरक्षितपणे मावतो, त्यात प्रोपेन चार किलोच्या आसपासच भरता येतो. जुन्या सवयीने काटा दहा किलोवर जाण्याची वाट पाहणारा मेकॅनिक सिलिंडर द्रवाने काठोकाठ भरून टाकील. मग उन्हात द्रव प्रसरण पावला की त्याला जागा उरत नाही आणि दाब पोलादालाही पेलवत नाही. स्वयंपाकघरातील सिलिंडर याचे रोजचे उदाहरण आहे. त्यात ३३ लिटरहून अधिक पाणी मावते; गॅस मात्र १४.२ किलोच भरतात. उरलेली जागा वाया गेलेली नसते. प्रसरणासाठी ती राखून ठेवलेली असते.

वायू काढून झाला, दाबमापकाचा काटा खाली आला, म्हणजे काम संपले असेही नाही. कॉम्प्रेसरमधील तेलात बराच वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीतून बुडबुडे येत राहावेत तसा तो हळूहळू बाहेर पडतो. म्हणून काही मिनिटे थांबून काटा पुन्हा वर चढतो का, हे पाहावे लागते आणि चढल्यास वायू पुन्हा ओढावा लागतो. कॉम्प्रेसरला कोमट ऊब दिल्यास हे काम लवकर होते. पण ती ऊब बत्तीची नसावी. त्यानंतर नायट्रोजन वायू आतून फिरवून उरलासुरला अंश धुऊन काढतात. मगच नळी कटरने कापावी आणि त्यानंतरच डाख देण्यासाठी बत्ती पेटवावी. नव्या जोडाची चाचणीही कोरड्या नायट्रोजननेच करावयाची असते. त्यासाठी ऑक्सिजन वापरल्यास आतील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

हवेत सोडला तर?

एवढ्या थोड्या वायूसाठी एवढा खटाटोप कशाला, असा रास्त प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर वायूगणिक बदलते. आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांची तापमानवाढीची क्षमता नगण्य आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये घरगुती फ्रीजमधील आयसोब्युटेनला हवेत सोडण्याच्या बंदीतून वगळले, ते त्यामुळेच. साठ ग्रॅम वायू लांब नळीने मोकळ्या मैदानात, वाहत्या वाऱ्यात सावकाश सोडला तर विशेष हानी होत नाही.

परंतु शहरात मोकळे मैदान कोठे असते? आठव्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेला जड वायू खाली उतरतो आणि सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरू शकतो. मोरीत किंवा गटारात सोडलेला वायू तेथेच दबा धरून बसतो. लिफ्टचा खड्डा, तळघरातील वाहनतळ, दुकानामागील अरुंद बोळ या जागा तर त्याच्या आवडीच्या. म्हणून दाट वस्तीत वायू पकडून नेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आर-३२ च्या बाबतीत तर पर्यायच नाही. तो प्रोपेनएवढा चटकन पेटत नाही. पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. एसीतील एक किलो आर-३२ हवेत सोडणे म्हणजे पाऊण टनाच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड सोडणे होय.

साखळीचा शेवटचा दुवा

दुरुस्ती करणाऱ्याला निदान यंत्राची ओळख असते. खरा धोका पत्करतो तो या साखळीतील शेवटचा माणूस. जुना फ्रीज दारावरच्या भंगारवाल्याकडे जातो, तेथून गोदामात. तेथे मोल असते तांब्याचे आणि कॉम्प्रेसरचे. वायूला मोल नसते. घाव घालून किंवा गॅसकटर चालवून कॉम्प्रेसर सुटा केला जातो. आयसोब्युटेनशिवाय दुसरी जोखीमही तेथे असते. अनेक नव्या फ्रीजच्या भिंतींतील फेस बनविताना सायक्लोपेंटेन हे ज्वलनशील द्रव्य वापरलेले असते. फेस तोडताना त्याची वाफ बाहेर पडते. बंदिस्त गोदामात एकामागून एक फ्रीज फोडले जात असतील, तर साठ ग्रॅमचा हिशेब तेथे राहत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार वापरून झालेले फ्रीज आणि एसी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. हे दोन्ही प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तरीही नियम आणि प्रशिक्षण यांच्या कक्षेबाहेर राहिलेला मोठा वर्ग आजही हातोडी आणि बत्ती घेऊन काम करतो आहे. प्रशिक्षित मेकॅनिकलाही योग्य यंत्र विकत घेणे आणि प्रत्येक कामाला अधिक वेळ देणे परवडले पाहिजे. ते परवडेल की नाही, हे बऱ्याच अंशी ग्राहकावर अवलंबून असते.

‘वायू काढायला वेगळे पैसे कशाला?’ आणि ‘अर्ध्या तासात आटपा’ या दोन वाक्यांनी मेकॅनिकला जुन्या सवयीकडे ढकलले जाते. याउलट घरमालकाने काही साध्या गोष्टी केल्या तरी पुष्कळ साधते. यंत्रावरील पट्टी खरवडू नये. दुरुस्तीच्या वेळी स्वयंपाकघरातील शेगडी आणि देवघरातील दिवा विझवावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना दूर ठेवावे. वायू भरल्यानंतर त्याचे नाव, वजन आणि तारीख यंत्रावर लिहून घ्यावी. पुढच्या मेकॅनिकसाठी तीच पहिली सूचना ठरते. जुना फ्रीज देताना त्यातील वायू कोण आणि कोठे काढणार, याची चौकशी करावी.

आणि सर्वांत आधी, नळीला पकड लागण्यापूर्वी, एक प्रश्न अवश्य विचारावा: यात कोणता वायू आहे? या प्रश्नाला ज्याच्याकडे नेमके उत्तर नाही, त्याने हातातील पकड खाली ठेवून आधी पट्टी वाचलेली बरी.